पडायला शिकवणारा सेंटर फॉरवर्ड

ज्यांचे हातपाय अचानक निकामी झाले आहेत, किंवा ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. औषधांची माहिती यात नाही. ती डॉक्टरांकडून घ्यावी. त्या काळात माणूस कसा जगतो हे मला सांगायचे आहे, आणि ज्या माणसाने मला पुन्हा उभे केले त्याच्या खेळाविषयीही सांगायचे आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करून लिहिण्याचा मी प्रयत्न केला. तो जमला नाही.

आजार सुरू झाला तेव्हा मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाले होते आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेत माझी निवड झाली होती. निवडलेल्यांत मुलगी मी एकटीच. रुजू होण्यापूर्वी थोडे दिवस नगरला घरी आले होते. आधी पोट बिघडले, बारीक ताप आला, दोन्ही आपोआप थांबले. मग एका सकाळी चपलेत पाय जाईना. मी पायाकडे पाहिले, अंगठा आत सरकवायचा आहे असे मनात म्हटले, आणि अंगठा जागचा हलला नाही. संध्याकाळपर्यंत जिना चढता येईना. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येईना.

बाबांनी टांगा आणला आणि दोन शेजाऱ्यांनी मला खुर्चीसकट उचलून त्यात ठेवले. शहराच्या कडेला एक लहानसे मिशनचे इस्पितळ होते, तिथे आम्ही गेलो.

* * *

माझे बाबा हायस्कुलात शास्त्र शिकवत. गुडघ्याखाली हलकेच मारले की पाय आपोआप उडतो, हे मी त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच टेबलावर बसून शिकले होते. इस्पितळातल्या डॉक्टरांनी रबरी हातोडीने गुडघ्याखाली मारले. पाय उडाला नाही. त्यांनी दुसऱ्या गुडघ्यावर मारले. तोही उडाला नाही. बाबा खिडकीकडे वळले. डॉक्टरांनी अजून तोंड उघडले नव्हते, पण आमच्या घरापुरते निदान तिथेच झाले होते.

मज्जातंतूंना सूज आली आहे, ती पायांकडून वर चढते, छातीपर्यंत गेली तर श्वासाला त्रास होतो, आणि नंतर ती उतरते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले.

“म्हणजे मी चालेन?” मी विचारले.

“बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे किती?”

डॉक्टरांनी उलट विचारले, “तुमचा विषय काय?”

“पदार्थविज्ञान.”

“मग ‘बहुतेक’ या शब्दाचा तुम्हाला राग येणारच. आमचं तर त्याच्यावरच चालतं.”

संस्थेने माझी जागा पुढच्या सत्रापर्यंत राखून ठेवण्याचे मान्य केले, मात्र त्यांचे वैद्यकीय अधिकारी मला तपासून पात्र ठरवतील तरच. त्यामुळे माझ्या दृष्टीने प्रश्न फार साधा होता. नव्या सत्राच्या आत मी उभी राहिले तर ती जागा माझी. नाही तर पायांबरोबर तीही जाणार.

* * *

सूज वर चढत असतानाच्या दिवसांविषयी थोडेच लिहिते. सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन म्हणे, “एक श्वास घ्या आणि मोजा.” एका श्वासात किती आकडे म्हणता येतात यावरून छातीत किती बळ उरले आहे ते कळते. आकडे कमी होत गेले. मी मनातल्या मनात त्यांचा आलेख काढत असे आणि तो आडव्या अक्षाला कुठे मिळेल याचा हिशेब करत असे. ज्यांना गणित येते त्यांना मी सांगेन, त्या दिवसांत ते करू नका. आई पलंगाजवळ बसून माझ्याबरोबर ओठ हलवत असे. मी थांबले तरी ती पुढचे दोन आकडे म्हणून टाकायची, जणू तिचा श्वास माझ्या खात्यात धरला जाणार होता.

सूज छातीशी येऊन थांबली. का थांबली, कोणालाच सांगता आले नाही.

त्याच आठवड्यात एका शनिवारी बाबा उशिरा आले. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला तेलाचा डाग होता. जन्मात कधी देवळाची पायरी न चढलेला माणूस एस.टी.ने शिंगणापूरला जाऊन तेल वाहून आला होता. मी डागाकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले. “सायकलची साखळी निसटली होती,” ते म्हणाले. मी मान हलवली. त्यांची सायकल आमच्या अंगणात पंक्चर होऊन पडली होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

* * *

सूज थांबल्यावर मला बायकांच्या वॉर्डात हलवले; तिथे शेजारच्या खाटेवर पारनेरकडच्या धोंडाबाई होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडताना वरचा दगड घरंगळून त्यांच्या मांडीचे हाड मोडले होते. पायाला वजन बांधून तो हवेत टांगलेला, आणि तोंड दिवसभर चालू.

“पोरी, तुजं काय मोडलंय?” पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले.

“काही मोडलं नाही. आतल्या तारा बिघडल्या आहेत.”

“तारा? मंग वायरमन बोलवा की!”

वॉर्डभर हशा पिकला. आजारी पडल्यापासून मी प्रथमच हसले, आणि हसताना छातीत हवा पुरते आहे हे माझ्या लक्षात आले.

धोंडाबाईंचा वायरमन दुसऱ्या दिवशी आला. पंचेचाळिशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा, उजव्या पायाने किंचित लंगडणारा. व्यायामोपचार विभागाचे साळवे. सगळे त्यांना साळवेभाऊ म्हणत. ते आले, माझे पाऊल हातात घेतले आणि म्हणाले, “अंगठा हलवा.”

“हलत नाही.”

“ते मला दिसतंय. तुमी हलवा.”

परक्या पुरुषाने मुलीच्या पायांना हात लावायचा, हे आईला अवघड वाटत होते. ती पदर आवळून भिंतीशी उभी राहिली. साळवेभाऊंनी तिच्याकडे न पाहता म्हटले, “आई, तुमी हिकडं या. हा दुसरा पाय तुमी धरा. मी करतो तसं करा.” त्या दिवसापासून डावा पाय आईचा झाला. पुढे उजव्यापेक्षा तो आधी सुधारला आणि आईने ते साऱ्या वॉर्डला सांगितले.

* * *

ते फुटबॉल खेळत, ही गोष्ट धोंडाबाईंनी काढली. “ह्यो मानूस साहेबाच्या देशात चेंडू खेळून आलाय,” त्या म्हणाल्या, “आन् लंगडा होऊन आलाय.”

मी त्यांना सरळ विचारले. ते माझा घोटा फिरवत फिरवत थोडे थोडे सांगत गेले. नगरच्या मिशनच्या शाळेत शिकलेला मुलगा, इस्पितळात मदतनीस म्हणून लागला, हात चांगला म्हणून तिथल्या स्कॉटिश डॉक्टरांनी व्यायामोपचार शिकायला त्याला आपल्या देशात पाठवले. स्कॉटलंडमधले ते गाव लोकरीच्या गिरण्यांचे होते. गिरणीमागे मैदान, गावाचा एक छोटा क्लब, आणि दर शनिवारी गिरणी सुटली की सामना. एकदा क्लबचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे मधोमध पुढे राहून गोल करणारा खेळाडू, आजारी पडला. तिथल्या इस्पितळातल्या कोणीतरी सांगितले की आमच्याकडचा तो काळा पोरगा जेवणाच्या सुट्टीत चेंडू बरा मारतो.

“मंग?” धोंडाबाईंनी विचारले.

“मंग काय. गेल्तो एका शनिवारपुरता. आठ वर्षं खेळलो.”

त्या आठ वर्षांत, आधी शिकताना आणि मग तिथल्याच इस्पितळात नोकरी करताना, त्या क्लबासाठी त्यांनी जितके गोल केले तितके त्यांच्याआधी कोणीही केले नव्हते. त्यांचा जुना गोलकीपर नाताळच्या शुभेच्छा पाठवताना दरवर्षी तळाशी लिहितो की अजून कोणी तुझ्या जवळपास आलेला नाही. सुरुवातीला प्रेक्षक त्यांच्या रंगावरून ओरडत. नंतर तेच प्रेक्षक त्यांच्या नावाने ओरडू लागले. ‘साळवे’ त्यांच्या जिभेला झेपेना, म्हणून त्यांनी ‘सॅली’ केले. ते तिकडे मुलीचे नाव आहे.

“तुम्हाला राग नाही आला?”

“गोल झाल्यावर तीन हजार मानसं तुमच्या नावानं वरडतात तवा नाव कुनाचं हाय ते कोन बघतंय!” मग म्हणाले, “पन क्लब ल्हान हुता, ताई. त्यामुळं विक्रमबी ल्हानच.”

हे मला मान्य नाही, आणि तेव्हाही नव्हते. क्लब लहान असला म्हणून गोलाच्या दोन खांबांतले अंतर कमी होत नाही.

मी विचारले, “इतके गोल केलेत कसे?”

“उभं राहून.”

मला ती थट्टा वाटली. ती नव्हती. तिकडचे मैदान म्हणजे पावसाने भिजलेले हिरवे गवत आणि गोलासमोर चिखल. खेळाडू चेंडूसाठी खुशाल घसरत, लोळत, अंग झोकून देत. त्यात त्यांना मजाच वाटे. साळवेभाऊ शिकले ते नगरच्या मैदानावर, अनवाणी, मुरुमात. मुरुमात एकदा पडले की ढोपर-कोपर सोलून निघते, आणि चड्डी फाटली तर घरी वेगळा मार. त्यामुळे त्यांच्या शाळेतल्या मुलांचा खेळाचा पहिला नियम एकच होता: पडायचे नाही. पावले लहान, गुडघे वाकलेले, वजन खाली. तीच सवय घेऊन ते त्या चिखलात उतरले. गोलासमोर गर्दी होई, गोलकीपर झेप घेई, गोल राखणारे दोन फुलबॅक घसरत येत, आणि चेंडू कोणाच्या तरी अंगाला लागून सुटे. त्या क्षणी सगळे आडवे. उभा एकच माणूस.

“गुरुत्वमध्य खाली आणि पायाच्या आधाराच्या आत,” मी म्हटले. “म्हणून तुम्ही ढळत नव्हता.”

“आसंल. आमाला मुरमाची भीती हुती.”

मी तेव्हाच मनाशी ठरवले की हा फार मोठा खेळाडू असला पाहिजे. इतर ज्याला खेळ समजत होते त्यापासून स्वतःला आवरून धरणे, आणि सगळे खाली असताना आपले काम करून टाकणे, हे येरागबाळ्याचे नव्हे. त्यांनी कधी बारीकसुद्धा बढाई मारली नाही. उलट आपले कित्येक गोल हातभर अंतरावरून मारलेले होते, हे ते हसत सांगत. मला त्यातच अधिक मौज वाटे. हातभर अंतरावर पोहोचणे हाच तर सगळा प्रश्न असतो.

* * *

अंगठा हलला. मग घोटा. मग गुडघा. ज्या दिवशी अंगठा हलला त्या दिवशी आईने धोंडाबाईंपासून सुरुवात करून सगळ्या वॉर्डला पेढ्यांऐवजी गूळ वाटला. साखर त्या वर्षी मिळत नव्हती. पुढे वॉर्डाच्या टोकाला बसवलेल्या दोन समांतर दांड्यांच्या मधे मला उभे केले गेले, आणि तिथे मात्र प्रगती ठप्प झाली.

पायांत बळ होते. डॉक्टरांनी तपासून तसे सांगितले. तरीही मी दांड्या सोडेना. गुडघे काठीसारखे ताठ धरून, सगळे वजन हातांवर टाकून मी उभी राहत असे, आणि घाम येऊन पुन्हा खुर्चीत बसत असे. नवे सत्र जवळ येत होते. मी स्वतःला समजावत होते की स्नायूंना अजून वेळ हवा आहे. एका सकाळी साळवेभाऊ बराच वेळ पाहत उभे होते.

“ताई, तुमी चालत न्हाई. तुमी न पडायचं काम करताय. त्यातच सगळी ताकद चालली.”

“पडू नये म्हणूनच तर चालायचं ना?” मी जरा चिडून म्हटले. “तुम्हीच सांगितलंत, उभं राहून गोल केले.”

ते माझ्यासमोर स्टुलावर बसले. उजव्या पायाची विजार गुडघ्यापर्यंत वर केली. गुडघ्यावर एक लांब, वाकडा व्रण होता.

“मोठ्या क्लबाचा मानूस, मला घ्यायचं का ते बघाया आला हुता त्या दिशी. दोनदा आधी येऊन गेलेला. मला सांगितलं न्हवतं कुनी, पन गावात काय लपतंय? पावसानं मैदान भरलेलं. माज्या बुटाचे खिळे चिखलात रुतले आन् बाजूनं फुलबॅक घसरत आला. अंग खाली जायाला बघत हुतं. सोडून दिलं आसतं तर चिखलात लोळलो आसतो, कापडं खराब झाली आसती, उठलो आसतो. पन अंगाला पडायचं ठावंच न्हवतं. उभा ऱ्हायलो. पाय जागेवर आन् मानूस फिरला.”

धोंडाबाईंनी खाटेवरून मान उंच करून तो व्रण पाहिला.

“गुडघ्यातनं आवाज आला तो गोलकीपरनं ऐकला. गोल झाला हुता, बरं का! चेंडू आत गेला हुता. त्योच शेवटचा.”

त्यांनी विजार खाली केली आणि उठले. “जेवढे गोल झाले ते न पडल्यामुळं. आन् सगळं संपलं तेबी न पडल्यामुळं. म्हनून माझ्याकडं येनाऱ्याला मी आधी पडायला शिकवतो. तुमी शिकल्याली मानसं, म्हटलं तुमाला नको वाटंल, म्हनून थांबलो. आता थांबत न्हाई.”

* * *

व्हरांड्यात जमिनीवर दोन गाद्या आणि एक घोंगडी अंथरली गेली. धोंडाबाईंनी आपली खाट दाराशी ओढून घ्यायला लावली.

“येवढी सोळा बुकं शिकून पोर पडायचं शिकतीया! आमी तर जन्मल्यापासनं पडतोय, आमाला कुनी सर्टिफिकीट दिलं न्हाई.”

शिक्षण मोठे शिस्तशीर होते. गुडघे सैल सोडायचे. हनुवटी छातीशी. तळहात पुढे टेकायचे नाहीत, मनगट मोडते. कुशीवर वळत मांडी, कंबर, खांदा असे क्रमाने जमिनीला लागू द्यायचे. मग उठायचे: कुशीवरून कोपरावर, कोपरावरून गुडघ्यांवर, आणि जे हाताशी येईल ते धरून वर. सगळे समजले. शरीराने पहिल्या दिवशी साफ नकार दिला. वाचकहो, उभ्या माणसाने स्वतःहून जमिनीकडे जाणे किती कठीण आहे हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. साडी तर पायांत येऊन सगळेच बिघडवत होती.

मी शेवटी डोळे मिटून पडले तेव्हा आई डबा घेऊन दारात उभी होती. डबा तिथेच टाकून ती धावली.

“माझ्या मुलीला पाडताय तुम्ही?”

“व्हय, आई, पाडतोय,” साळवेभाऊ शांतपणे म्हणाले. “ती घरी पडंल तवा मी नसन. तुमीबी कायम नसाल.”

आई मला उचलायला वाकली. मी जमिनीवरून म्हटले, “आई, उचलू नकोस. मला उठून दाखवू दे.” मी उठले, बराच वेळ लागला. तिने माझ्याकडे खालून वरपर्यंत पाहिले आणि पुढे येऊन माझ्या निऱ्या ओढून मागे कासोट्यासारख्या खोचल्या. “असं खोच,” ती म्हणाली, “मग पायात येणार नाही.” तिच्याकडून मिळालेली ही संमती मला तिच्या सगळ्या सेवेपेक्षा मोठी वाटते.

त्यानंतर दांड्या सोडणे फार कठीण गेले नाही. पडल्यावर काय करायचे हे ठाऊक झाल्यावर गुडघे आपोआप वाकू लागले, आणि वाकल्याशिवाय पाऊल पुढे पडतच नसते. काठी घेऊन मी व्हरांडा, मग आवार चालू लागले.

आवारातच मी पहिल्यांदा खरी पडले. न ठरवता, मुरुमावर. कोपर सोलले, हाताला रक्त आले. साळवेभाऊ समोरच होते. ते पुढे आले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले होते. मी कुशीवर वळले, गुडघ्यांवर आले, काठी रोवून उठले. त्यांनी माझ्या कोपराकडे पाहिले.

“ह्याच मुरमाला मी जन्मभर भ्यालो,” ते हळूच म्हणाले. “तुमी तर उठलासुदिक.”

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना मी एवढेच सांगेन की ते पाठीमागे बांधलेले हात शिकून घ्या. मदतीला धावणारे मला खूप मिळाले. धावावेसे वाटत असूनही जागेवर उभा राहणारा तो एकच माणूस.

* * *

पुण्याच्या संस्थेचे वैद्यकीय अधिकारी वयस्कर आणि सौजन्यशील होते. त्यांनी माझे पाय तपासले, मला खोलीभर चालायला लावले आणि चष्मा काढला.

“तुमच्या बुद्धीविषयी शंका नाही,” ते म्हणाले. “पण प्रयोगशाळेत काच असते, आम्ल असतं, विजेच्या तारा असतात. तिथे तुम्ही पडलात तर?”

या प्रश्नाचे उत्तर मी घोटून आणले होते. धडधाकट माणसेही पडतात; धोका टाळण्याचे मार्ग असतात; माझे काम बहुतांशी बसून करण्याचे आहे. मुद्दे चांगले होते. पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसले की ते आता फक्त नकार गोड शब्दांत कसा द्यावा याचाच विचार करत आहेत.

मी काठी त्यांच्या टेबलाला टेकवली. निऱ्या मागे खोचल्या. टेबलापासून दोन पावले दूर गेले, गुडघे सैल सोडले आणि पडले.

खुर्ची मागे सरकल्याचा मोठा आवाज झाला. बाहेरचा शिपाई धावत आत आला. “अहो, अहो!” म्हणत डॉक्टर टेबलाला वळसा घालून येऊ लागले.

“कृपया कोणी हात लावू नका,” मी फरशीवरून म्हटले.

ते दोघेही थांबले. मी कोपरावर आले. गुडघ्यांवर आले. टेबलाची कड हाताशी आली, ती धरून उभी राहिले. मला दम लागला होता आणि तो मी लपवला नाही. डॉक्टर हळूहळू आपल्या खुर्चीकडे परतले, पण बसले नाहीत.

“लागलं का?”

“थोडंसं.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे, मला वाटते त्या दिवशी पहिल्यांदाच, नीट पाहिले.

“रुजू कधी होता?”

शिपायाने माझी काठी उचलून हातात धरली होती आणि द्यावी की न द्यावी अशा विचारात तो उभा होता. मी हात पुढे करून ती घेतली.

“प्रयोगशाळा कोणत्या बाजूला आहे?” मी विचारले.